डाव्या हाताचा काठ

लव्हाळा कापायचा हंगाम जेमतेम पाच आठवड्यांचा. काडी हिरवी आहे तोवरच विणायच्या कामाची, एकदा पिवळी पडली की चुलीत घालायची. यंदा त्यातला बराचसा वेळ थोरलीने फाटकावर उभं राहून घालवला.

पूर्वी पाणथळीला फाटक नव्हतं. कोणीही यावं, गुडघाभर चिखलात उतरावं आणि हात भरून येईपर्यंत कापावं. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या टेकाडावर छावणी बसली आणि पाणथळीभोवती तार आली. छावणीतले लोक काही परके नव्हते. आसपासच्याच गावांतली माणसं. सरकारने त्यांच्या हातात बंदुका दिल्या आणि जंगलातल्या बंदूकवाल्यांना हुडकायला सांगितलं. जंगलातले सापडणं अवघड, गावातले सापडणं सोपं. त्यामुळे गावातलेच सापडत गेले. जंगलातल्यांनीही काही कमी केलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी पोस्टमनला खबऱ्या ठरवून त्याच्याच दारात मारलं. आता गावात कोणाला 'कसं काय' विचारायचं तरी माणूस आधी मागे वळून बघायचा.

फाटकावर नियम होते. चपला काढून हातात धरायच्या. विळा जमिनीवर ठेवायचा आणि चार पावलं मागे सरायचं. मग फाटकवाला येऊन विचारणार, कोण, कुठले, किती जण. रोज तोच माणूस आणि रोज तेच प्रश्न.

"चटईवाल्यांची," थोरली म्हणाली. "मी आणि सून."

"अरे, साक्षीदारबाई आल्या!" फाटकवाला आत बघून ओरडला. "खुर्ची आणा रे कोणीतरी!"

आत दोघं-तिघं हसले. खुर्ची काही आली नाही. बाकीच्या बायांना एकेक करून आत सोडलं आणि या दोघींना तापलेल्या मातीवर अनवाणी उभं ठेवलं. धाकटी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. थोरलीचे तळवे चाळीस वर्षं चिखलात मुरलेले, त्यांना चटका लवकर लागत नसे. पण लाज वाटायची ती वाटलीच. हा फाटकवाला जन्मला तेव्हा त्याच्या आईच्या अंगाखाली थोरलीच्याच हातची चटई होती. ते त्याला सांगून काय होणार होतं!

ऊन डोक्यावर आल्यावर त्यांना आत सोडलं. दोघींनी पाच भारे कापले. परतताना फाटकवाल्याने पाचही भारे सोडायला लावले आणि एकेकात लोखंडी गज खुपसून पाहिला. मोडलेली काडी चटईच्या रुंदीला पुरत नाही. घरी येऊन निवडलं तेव्हा पाचातले तीन भारे उरले. धाकटीने मोडक्या काड्या चुलीपाशी नेऊन टाकल्या आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

थोरली साक्षीदार झाली ती तिच्या तोंडामुळे.

गेल्या थंडीत कालव्याच्या कडेला सायकलवाला सापडला. गावाच्या वेशीवर बसून पंक्चर काढणारा, मुलांच्या सायकलींना फुकट हवा भरणारा माणूस. तीन दिवसांपूर्वी छावणीच्या गाडीने त्याला उचललं होतं. ते अर्ध्या गावाने पाहिलं होतं, आणि छावणी म्हणत होती की आम्ही त्याला ओळखतही नाही. तो चटईत गुंडाळलेला होता आणि चटईतून एक पाय बाहेर आला होता. लोक लांब उभे राहून बघत होते. त्यातलं कोणीतरी पुटपुटलं, "बाजारातली हलकी चटई. फाटली बघ."

शहाण्या बाईने अशा वेळी तोंड मिटून घ्यावं. थोरली शहाणीच होती, पण चटईच्या बाबतीत तिचं शहाणपण चालत नसे. "हलकी?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आमची चटई आहे ती. फाटलेली नाही, विळ्याने कापलीय. आणि बाजारात एवढी रुंद मिळते कुठे? छावणीच्या खाटांसाठी मुद्दाम आठ विणून दिल्यात आम्ही."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. आजूबाजूची माणसं एकेक पाऊल करत तिच्यापासून लांब झाली. सायकलवाल्याची बायको तेवढी जवळ आली आणि थोरलीचा दंड धरून उभी राहिली. आठ दिवसांनी ती वकीलबाईंना घेऊन घरी आली.

वकीलबाई जिल्ह्याहून स्कूटरवर यायच्या. किडकिडीत अंग, सतत खोकला, खांद्याला कागदांची पिशवी. बेपत्ता झालेल्यांचे, मारले गेलेल्यांचे खटले त्या चालवायच्या, आणि बहुतेक हरायच्या. स्कूटरच्या सीटवर कोणीतरी ब्लेड मारलं होतं, त्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती. थोरलीच्या मुलाने त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"जंगलातल्यांनी पोस्टमनला मारलं तेव्हा कुठे होतात तुम्ही?" त्याने विचारलं.

"आले होते," वकीलबाई म्हणाल्या. "पोस्टमनच्या घरी दोनदा आले. त्यांनी दार उघडलं नाही. तुमच्याही दारावर टकटक केली होती."

मुलगा जमिनीकडे बघत राहिला, कारण ते खरं होतं.

"मावशी, घाबरू नका असं मी म्हणणार नाही," वकीलबाई थोरलीला म्हणाल्या. "मलाही भीती वाटते. पण माणसाला घरातून उचलून नेलं तर का नेलं, कुठे नेलं, हे कोर्टात कोणीतरी विचारायलाच हवं. छावणीने नेलं असो की जंगलातल्यांनी. नाहीतर उद्या ते विचारायची सवयच मोडेल सगळ्यांची. माझी एकच अट आहे. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं, एक काडीही जास्त नको. त्यांचं सगळं खोट्यावर उभं आहे. आपलं एक खोटं सापडलं की खटला तिथेच बसला."

"मला खोटं बोलायची काय गरज," थोरली म्हणाली. "चटई माझ्या हातची आहे."

हे तिने मनापासून सांगितलं. आठातल्या पाच चटया तिने विणल्या होत्या, तीन धाकटीने. कालव्यावर ती जवळ गेली नव्हती. रुंदी आणि घट्ट वीण लांबूनच ओळखली होती. आणि असंही, धाकटीचं नाव मध्ये आणायचं कारणच काय? धाकटी चोवीस वर्षांची, मांडीवर दोन वर्षांची मुलगी. जे काय व्हायचं ते आपलं होईल, असा थोरलीचा हिशोब होता. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आपल्यामागे अडणार कोणाचं?

त्या हिशोबाचे तीनतेरा वाजले ते कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत.

साक्षीच्या आधी न्यायाधीशांच्या परवानगीने चटई दाखवायची होती. कारकुनाने पत्र्याचं कपाट उघडलं. आत उंदरांचा वास येत होता. गंजलेले कोयते, एक शिवणयंत्र, चिठ्ठ्या बांधलेल्या बाटल्या, आणि मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चटई. कारकुनाने ती टेबलावर पसरली. मधला डाग वाळून काळा पडला होता. थोरलीने तिकडे बघायचं टाळलं आणि सवयीने काठावरून अंगठा फिरवला.

काठ म्हणजे काय, तर मागावर सुतळ्या ताणलेल्या असतात, त्यात एकेक काडी घालून लाकडी फणीने ठोकायची, आणि काडीचं टोक शेवटच्या सुतळीभोवती वळवून आत खोचायचं. थोरली ते टोक खालून वर वळवायची. तिची आई तसंच करायची, पंचक्रोशीतल्या सगळ्या चटईवाल्या तसंच करत. धाकटी डावखुरी. ती वरून खाली वळवायची. लग्न होऊन आली तेव्हा थोरलीने 'उलटं, उलटं' म्हणून वर्षभर तिचं डोकं खाल्लं आणि शेवटी नाद सोडला. गिऱ्हाइकाला फरक कळत नसे. विणणारीला तो डोळे मिटूनही अंगठ्याखाली कळे.

अंगठ्याखाली टोकं वरून खाली वळलेली होती. एक नाही, दोन नाही, सगळा काठ तसाच.

"काय मावशी, तुमचीच ना?" वकीलबाईंनी विचारलं. कारकून पेन उघडून बसला होता.

खरं सांगितलं तर उद्या या टेबलापुढे धाकटी उभी राहणार. परवा फाटकावर धाकटीला एकटीला बाजूला काढणार. त्यापुढचा विचार तिने केला नाही.

"माझीच," ती म्हणाली आणि कागदावर सही केली.

जिना उतरताना वकीलबाई पहिल्यांदाच जरा मोकळ्या दिसत होत्या. "त्यांचा वकील म्हणणार, सगळ्या चटया सारख्याच दिसतात. म्हणेल, इथेच विणून दाखवा. छोटा माग आणि भिजवलेल्या काड्या घेऊन या. तुमच्या हाताला काय, येतंच की."

"येतंच," थोरली म्हणाली. पण चटईवरचा काठ सुनेच्या हातचा होता.

तारखेला पंधरा दिवस होते. दुपारी घरातले सगळे आडवे झाले की थोरली मागच्या पत्र्याखाली जाई आणि हातभर रुंदीचा माग गुडघ्यांत धरून बसे. उलटा काठ म्हणजे नुसतं टोक उलटं वळवणं नव्हे, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. काडी दुसऱ्या हातात धरायची, अंगठ्याने दुसरीकडून दाबायची, मनगट नको तिकडे फिरवायचं. चाळीस वर्षांत जे काम डोळ्यांनी करावं लागलं नव्हतं ते आता डोळे फाडून करावं लागत होतं. तीन काड्या नीट जात, चौथीला हात आपसूक जुन्या वाटेने वळे. ती उसवून पुन्हा घालायची. डाव्या अंगठ्याचं कातडं सोलून निघालं. आयुष्यभर ती पोरीबाळींना 'असं नाही गं, असं नाही' म्हणत आली, आता तेच आपल्या हाताला म्हणत होती, आणि तो गाढवासारखा ऐकत नव्हता. घरात हालचाल सुरू झाली की ती सगळं उसवून काड्या चुलीत घाले.

सातव्या-आठव्या दिवशी सकाळी छावणीची गाडी दारात थांबली. छावणीचा मुख्य स्वतः उतरला. गोड बोलणारा, दाढी गुळगुळीत केलेला माणूस. त्याने मागावरच्या चटईवरून हात फिरवला, ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. मुलाने घाईघाईने तांब्या पुढे केला आणि पाणी मुख्याच्या बुटावर सांडलं. मुख्य हसला आणि ओल्या झालेल्या बुटाकडे बघत राहिला. शेवटी मुलाने खाली वाकून तो बूट आपल्या शर्टाच्या टोकाने पुसला.

"कला आहे तुमच्या घरात," मुख्य थोरलीला म्हणाला. "दोघीही विणता का? कोणाचा हात चांगला?"

"विणते मीच," थोरली म्हणाली. "हिला काय येतंय! काड्या भिजवते, झाडलोट करते, बस. तीन वर्षं शिकवतेय, डोक्यात शिरत नाही."

धाकटी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने एकदा सासूकडे पाहिलं आणि आत गेली.

"मग सांभाळून असा," मुख्य उठत म्हणाला. "एकच हात कमावता म्हणजे अवघडच."

गाडी गेल्यावर मुलगा आईवर ओरडला. एवढं वाकल्यावर कोणावर तरी ओरडणं त्याला भागच होतं. "कोण लागत होता तो सायकलवाला तुझा? कशाला पाहिजे तुला कायदा? कायदा काय इथे पाणी प्यायला येणार आहे?" त्याचा शर्ट चिखलाने भरला होता. तो थोरलीने मागून घेतला आणि धुवायला टाकला.

त्या दुपारी ती पत्र्याखाली बसली, पण हात चालेना. चार काड्यांतल्या तीन सुलट्या गेल्या.

"आत्या, अंगठा असा नाही दाबायचा."

धाकटी मागे उभी होती. थोरलीने माग पायाखाली सारायचा प्रयत्न केला.

"राहू द्या. चार दिवस बघतेय मी. मी डावखुरी आहे, आंधळी नाही." धाकटी समोर उकिडवी बसली. "कोर्टातली चटई माझी आहे ना?"

"तीन चटया होत्या तुझ्या. त्यातलीच असेल."

"मग मी सांगते कोर्टात."

"तू तोंड उघडायचं नाहीस," थोरली म्हणाली. "पोर केवढीशी आहे तुझी. मला मारून मारून काय मारणार ते? पिकलं पान मी."

"आणि मघाशी म्हणालात ते? डोक्यात शिरत नाही म्हणून?"

"ते त्याच्यासाठी होतं."

"माहितीय मला," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला राग येत होता. "तरी पण लागलं. तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय ना, की खोटं असलं तरी खरंच वाटतं."

बाहेर धूळ उडत होती, घरात नात झोपेत कुरकुरली आणि पुन्हा गप्प झाली. धाकटीने नाक पुसलं, सासूचा सोललेला अंगठा आपल्या हातात घेतला आणि काडीवर टेकवला. "इथे. नखाने नाही, पेराने दाबा. मनगट सैल सोडा. सैल म्हटलं ना आत्या, कुस्ती खेळताय का काडीशी?"

पुढचे सात दिवस सून शिकवत होती आणि सासू शिकत होती. शेवटच्या दोन दिवसांत वीत-वीत काठ बिनचूक जायला लागला. धाकटीने तो चाचपून पाहिला आणि म्हणाली, "चालेल." तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, थोरलीला तेवढं दिसलं.

तारखेच्या दिवशी मुलगा नातीला घेऊन घरी राहिला. ओल्या काड्यांचं पोतं जड, थोरलीच्या खांद्याला पेलवेना, म्हणून धाकटी बरोबर आली. दोन बसगाड्या बदलून त्या पोचल्या तेव्हा कोर्टाच्या भिंतीला टेकून छावणीचे सहा जण उभे होते. फाटकवालाही होता. सायकलवाल्याची बायको नेहमीच्या पायरीवर बसली होती. ही तिची अकरावी तारीख. आधीच्या तारखांना कधी न्यायाधीश रजेवर, कधी छावणीचा वकील आजारी, कधी वीज नाही. वकीलबाई प्रत्येक वेळी आल्या होत्या आणि खोकत परत गेल्या होत्या.

पुकारा झाला तो दुपारी जेवणानंतर. धाकटीने पोतं आणि माग आत आणून ठेवला आणि दाराशी बाकावर बसली. थोरलीने शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.

वकीलबाईंच्या प्रश्नांना तिने नीट उत्तरं दिली. आठ चटया, एवढी रुंदी, छावणीच्या दारात स्वतः नेऊन दिल्या, घेणाऱ्याचं तोंड ओळखते. मग छावणीचा वकील उठला. वयस्कर, सावकाश चालणारा. त्याने खरोखरच विणून दाखवायला सांगितलं, आणि चटई शेजारी पसरून ठेवायला लावली.

थोरली जमिनीवर बसली आणि माग गुडघ्यांत धरला. पहिली काडी वरून खाली, दुसरी वरून खाली. अंगठा पेराने दाबायचा, मनगट सैल. सहा काड्या गेल्या, दहा गेल्या. वकीलबाई वाकून बघत होत्या, काठ चटईला जुळत होता.

"छान," छावणीचा वकील म्हणाला. "किती वर्षं करताय हे?"

"चाळीस झाली."

"कोणी शिकवलं?"

"आईने."

"आई कडक असेल?"

"नाही हो," थोरली म्हणाली. "माझी आई कधी रागावली नाही. फणीने ठोकताना गुणगुणायची. मी मध्ये लुडबुड केली तर मला मांडीवर घ्यायची आणि माझा हात धरून—"

ती थांबली. तिने खाली पाहिलं. शेवटच्या पाच काड्या खालून वर वळल्या होत्या. आईचं नाव निघालं आणि हात आईच्या वाटेने गेला होता.

छावणीच्या वकिलाने आवाज जराही चढवला नाही. त्याने न्यायाधीशांना पुढे येऊन बघायची विनंती केली आणि दोन्ही काठ दाखवले. "हे शिकून आलेलं सोंग आहे, साहेब. हा खरा हात, आणि तो चटईवर नाही."

वकीलबाईंनी दोन्ही काठांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, पण ती नुसती दमलेली होती.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "विचार करून सांगा. ही चटई तुम्ही विणलीय?"

थोरलीपुढे आता दोनच वाटा होत्या. खरं सांगायचं आणि सुनेला पुढे ढकलायचं, किंवा सायकलवाल्याला सोडून द्यायचं. तिला बाहेर पायरीवर बसलेली ती बाई आठवली. दाराशी बाकावर बसलेली सून तर समोरच दिसत होती. बाहेर सहा जण भिंतीला टेकून उभे होते.

"नाही," ती म्हणाली. "माझी नाही. कोणाची ते मला माहीत नाही. माझी चूक झाली."

छावणीचा वकील बसला. कारकून लिहायला लागला. वकीलबाई कागद गोळा करत होत्या, सावकाश, एकेक.

"माझी आहे."

धाकटी बाकावरून उठून आली होती. पोलीस मध्ये येईपर्यंत ती सासूसमोर बसलीसुद्धा. तिने माग आपल्याकडे ओढला, चुकीच्या पाच काड्या डाव्या हाताने उसवल्या आणि पुन्हा वळवल्या. मग सहावी घातली, सातवी, आठवी. न बघता, दाराकडे तोंड करून, जिथून छावणीचे दोघं आत डोकावत होते.

"तीन चटया मी विणल्या," ती म्हणाली. "ही त्यातली. माझं नाव लिहा आणि मला शपथ द्या."

"अगं ए, ऊठ," थोरली म्हणाली. "उठतेस का नाही? साहेब, तिचं ऐकू नका, तिला काही कळत नाही..."

छावणीचा वकील हरकतींवर हरकती घेत होता. न्यायाधीशांनी त्याला हाताने थांबवलं आणि थोरलीला विचारलं, "शपथेवर खोटं का बोललात?"

"तिचं वय चोवीस आहे, साहेब," थोरली म्हणाली. "म्हणून."

न्यायाधीश कारकुनाकडे वळून म्हणाले, "हेसुद्धा लिहा. जसंच्या तसं."

धाकटीची साक्ष नोंदवता नोंदवता संध्याकाळ झाली. उलटतपासणी पुढच्या तारखेला, सहा आठवड्यांनी. खटला बसला नव्हता, उभाही नीट राहिला नव्हता. वकीलबाई पायऱ्यांवर खोकत थांबल्या.

"मला आधी सांगायचं होतंत, मावशी."

"सांगितलं असतं तर तुम्ही हिला बोलावली असतीत."

"हो," वकीलबाई म्हणाल्या. "बोलावली असती." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी आज गावी जाऊ नका. राहायची सोय करते. संरक्षणाचा अर्जही देते, पण तो मंजूर व्हायला..."

"मुलगी घरी आहे," धाकटी म्हणाली. "काड्या भिजत घातल्यात. उद्या कुजतील."

सायकलवाल्याची बायको उठून आली आणि तिने धाकटीचा हात दोन्ही हातांत धरला. मग सासू-सून बसथांब्याकडे निघाल्या. छावणीची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. त्या पुढे गेल्यावर ती सुरू झाली आणि माणसाच्या चालीने मागून येऊ लागली.

थोरलीला सुनेचा संताप आला होता. पंधरा दिवस झिजवलेला अंगठा, चाळीस वर्षांचा शब्द, सगळं हिने एका दमात उधळलं. आणि तिच्याएवढा अभिमानही तिला आजवर कोणाचा वाटला नव्हता, चटईचासुद्धा नाही. दोन्ही एकदम वाटत असल्यामुळे तिला धड चालता येत नव्हतं.

"पोतं दे इकडे," ती म्हणाली.

"जड आहे, आत्या."

"दे म्हटलं ना."

पोतं खांद्यावर घेऊन ती सुनेच्या पलीकडच्या बाजूला आली, रस्त्याच्या बाजूला, आणि गाडी आणि सून यांच्या मधून चालू लागली.